गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे समज बदलण्यासाठी व्हिडिओ कसा वापरावा

‘मला काही त्रास होत नाही, मग तपासणी कशाला करून घेऊ?’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळणाऱ्या स्त्रीचा हा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी रास्त असतो, कारण दुखले-खुपले तरच दवाखान्याची पायरी चढायची, हीच बहुतेकांची रीत असते. शैक्षणिक व्हिडिओने सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

म्हणून व्हिडिओ निवडण्यापूर्वी ज्या स्त्रियांना तो दाखवायचा आहे त्यांच्याशी बोलावे. हा आजार आपल्याला होऊ शकतो असे त्यांना वाटते का, झाल्यास तो किती गंभीर असतो, तपासणीने काय साधते आणि तपासणीला जाण्यात कोणती अडचण येते, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. माणूस आरोग्यासाठी पाऊल का उचलतो किंवा उचलत नाही हे समजावणाऱ्या, १९५० च्या दशकात अमेरिकेत मांडल्या गेलेल्या आरोग्य-विश्वास प्रारूपाचा गाभा हाच आहे. उत्तरे नावानिशी मागू नयेत. ‘असला आजार वाईट चालीच्या बायकांना होतो’, ‘तपासणी फार दुखते’, ‘एकदा कॅन्सर निघाला की संपलेच’ असे जे समज पुढे येतील, त्यांपैकी सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले दोन-तीन निवडून त्यांना उत्तर देणारा व्हिडिओ शोधावा किंवा तयार करावा. एकाच व्हिडिओत सगळे कोंबले की लक्षात काहीच राहत नाही.

आशयात सर्वाधिक वेळ द्यावा तो आजाराच्या संथ वाटचालीला. जवळजवळ सर्व गर्भाशयमुखाचे कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतात आणि त्यांतील सुमारे ७० टक्क्यांना या विषाणूचे १६ व १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात. लैंगिक संबंध सुरू झाल्यानंतर हा संसर्ग बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा होतो, आणि बहुतांश वेळा शरीर एक-दोन वर्षांत तो स्वतःच हटवते. जिथे तो टिकून राहतो तिथे पेशींत बदल होऊ लागतात. परंतु त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असेल आणि त्यावर उपचार झालेले नसतील, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. या सगळ्या काळात स्त्रीला बहुधा काहीही जाणवत नाही. हा कालपट साध्या चित्रमालिकेतून सावकाश दाखवला, तर त्रास नसतानाच तपासणी का करायची हे तिचे तिलाच उमगते. विषाणू कित्येक वर्षे निपचित राहू शकत असल्यामुळे तो केव्हा आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही, हे वाक्यही व्हिडिओत हवेच. चारित्र्यावरचा संशय दूर करण्यासाठी ते फार मोलाचे आहे.

भीती मात्र जपून वापरावी. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. हे आकडे एकदाच सांगावेत आणि लगेच त्यातून सुटण्याचा मार्ग दाखवावा. वाढलेल्या गाठींची विदारक छायाचित्रे पाहून स्त्रिया नजर फिरवतात, आणि पुढचे काहीच त्यांच्या कानी पडत नाही.

तपासणीचा प्रसंग जवळून दाखवणे मला सर्वांत परिणामकारक वाटते. अंगावर चादर घेऊन स्त्री कशी झोपते, स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावे म्हणून योनिमार्गात घालायचे साधन) हातात घेतल्यावर केवढा दिसतो, नर्स प्रत्येक पायरीआधी काय सांगते, हे सारे दिसू द्यावे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून साधारण मिनिटभर थांबल्यावर बदललेला भाग पांढरा दिसू लागतो, हे चित्राने सहज समजते. एचपीव्ही चाचणीसाठी नमुना स्वतःच घेण्याची सोय असेल तर तीही दाखवावी, कारण संकोचामुळे मागे राहणाऱ्या स्त्रीला त्याने मोठा धीर येतो. चाचणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे, आणि कर्करोगाआधीच्या बदलांवर बहुतेकदा दवाखान्यात दाखल न होताही उपचार होतात, हे तपासणी करून घेतलेल्या एखाद्या स्त्रीच्या तोंडून, तिच्या पूर्ण संमतीने, आले तर उत्तम.

एचपीव्ही लसीचा भाग थोडक्यात ठेवावा: ती प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी आहे, आणि लस घेतलेल्या स्त्रियांनीही पुढे तपासणी करून घ्यायची असते.

प्रत्यक्ष दाखवताना गट लहान असावा, जागा आडोशाची असावी आणि भाषा स्त्रियांच्या रोजच्या बोलण्यातली असावी. सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ दोन-तीन ठिकाणी थांबवून ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारावे. समज बदलतात ते बहुधा याच बोलण्यातून. ज्यांच्या संमतीवाचून स्त्री घराबाहेर पडू शकत नाही, त्या कुटुंबीयांनाही तो वेगळा दाखवावा.

सुरुवातीचे चार प्रश्न व्हिडिओनंतर लगेच आणि पुन्हा काही आठवड्यांनी विचारावेत, म्हणजे तात्पुरता आणि टिकलेला बदल वेगळा ओळखता येतो. त्याहून महत्त्वाची नोंद म्हणजे किती जणींनी तपासणी करून घेतली, किती जणींना अहवाल मिळाला आणि उपचारांची गरज असलेल्या किती जणींपर्यंत ते पोहोचले. त्यामुळे तपासणीची तारीख, ठिकाण आणि पुढील उपचारांची व्यवस्था आधी पक्की करावी आणि मगच व्हिडिओचा कार्यक्रम ठरवावा.