नागपूरहून अंदमानला जाताना: आखणी, प्रवास आणि पहिले दोन दिवस

अंदमानच्या सहलीचा विषय आपल्या घरांत निघाला, की चर्चा विमानाच्या भाड्यापासून सुरू होते आणि स्वस्त तिकीट मिळाले की बेत पक्का झाला असे मानले जाते. माझ्या अनुभवावरून सांगतो, ही सुरुवात उलटी आहे. त्या बेटांवर आपला दिवस ठरवतात ते बोटीच्या वेळा, समुद्राची स्थिती आणि फार लवकर मावळणारा सूर्य. आधी बेटांवरचे दिवस आणि बोटी जुळवाव्यात, मग विमानाकडे वळावे. आम्ही पहिल्या खेपेस नेमके याच्या विरुद्ध केले होते. परतीचे विमान सकाळचे होते आणि आदल्या दिवशीच्या शेवटच्या बोटीने स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) या बेटावरून परत यायचे ठरले होते. दुपारी वारा वाढला, बोट रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जेट्टीवर उभे असताना आमचे विमान निघून गेले. पाच जणांची तिकिटे नव्याने काढावी लागली. म्हणून या लेखातील एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी: विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुख्य शहरात, म्हणजे श्री विजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), परत आलेले असावे, आणि शक्य असेल तर त्यामागे आणखी एक दिवस मोकळा ठेवावा.

कोणत्या महिन्यात जावे

नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला. नागपूरची अडचण अशी, की शाळांना लांब सुट्टी असते ती उन्हाळ्यात. पारा ४५ अंशांवर असताना "मान्सून अंदमानात दाखल" अशी बातमी वर्तमानपत्रात येते आणि आपल्याला दिलासा वाटतो. हीच बातमी पर्यटकासाठी मात्र इशारा असते. नैऋत्य मोसमी वारे अंदमानच्या समुद्रात साधारणतः मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतात. त्यानंतर समुद्र खवळलेला राहतो, बोटी रद्द होतात आणि पाणी गढूळ झाल्यामुळे प्रवाळ नीट दिसत नाहीत. उन्हाळ्यातच जायचे असेल तर परीक्षा संपताच एप्रिलमध्ये निघावे आणि मेचा पहिला आठवडा ही शेवटची मर्यादा समजावी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हवामान खात्याचा अंदाज आठवडाभर आधीपासून रोज पाहावा, कारण ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे महिने आहेत.

नागपूरहून कसे जावे

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून अंदमानची राजधानी श्री विजयपुरमला, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराला, जाण्यासाठी वाटेत विमान बदलावे लागते. चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्ली हे त्याचे पर्याय आहेत. यांपैकी दिल्ली मी डिसेंबर आणि जानेवारीत टाळतो. धुक्यामुळे सकाळची विमाने रखडतात आणि आधी उत्तरेकडे जाऊन मग आग्नेयेकडे उलटे येणे तसेही गैरसोयीचे असते. चेन्नई किंवा कोलकाता येथून पुढचे उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचे असते.

दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. तसे केल्यास पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची व्यवस्था करणे विमान कंपनीकडे राहते आणि सामानही बहुधा सोनेगावहून थेट अंदमानपर्यंत जाते. दोन वेगळी तिकिटे काढून पाचसहाशे रुपये वाचत असले, तरी मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा रांगेत उभे राहावे लागते आणि दुसरे विमान चुकल्यास पैसे आपलेच बुडतात. वेगळी तिकिटे घेणे भागच असेल तर मध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. खर्च कमी करायचा असेल तर रेल्वेने चेन्नई किंवा हावडा गाठून तेथे एक रात्र राहावे आणि सकाळचे विमान घ्यावे. गाडी कितीही वक्तशीर असली, तरी ज्या दिवशी ती पोहोचते त्याच दिवशीचे विमान घेऊ नये. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही सुटतात. पण त्यांना तीन दिवसांच्या आसपास लागतात आणि फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे आठवड्याभराच्या सुट्टीत तो मार्ग बसत नाही.

भारतीय नागरिकांना मुख्य शहर, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. डिसेंबर २०१८ पूर्वी या दोन बेटांची नावे अनुक्रमे हॅवलॉक आणि नील अशी होती, आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी तीच नावे अजून आहेत. मूळ ओळखपत्र मात्र प्रत्येकाचे, लहान मुलांचेही, सोबत असावे, कारण ते बोटीवरही तपासले जाते.

बोटींचे गणित

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला जाण्यासाठी सरकारी आणि खासगी अशा दोन्ही बोटी आहेत. सरकारी बोट स्वस्त असते आणि तिला सुमारे अडीच तास लागतात. खासगी वेगवान बोटी दीड तासाच्या आसपास पोहोचवतात. सरकारी तिकिटांवर स्थानिकांची गरज आधी असते, आणि ते योग्यच आहे, कारण आपल्यासाठी जी सहल आहे ती त्यांच्यासाठी दवाखान्याची किंवा बाजाराची वाट असते. पर्यटकाने खासगी बोटीचे तिकीट किमान महिनाभर आधी काढावे आणि नाताळच्या आठवड्यात जायचे असेल तर त्याहूनही आधी. सरकारी बोटी फिनिक्स बे येथून आणि खासगी बोटी मुख्यतः हॅडो येथून सुटतात, म्हणून रिक्षात बसण्यापूर्वी तिकिटावरील जेट्टीचे नाव वाचावे.

मार्ग त्रिकोणी ठेवावा: शहरातून स्वराज द्वीप, तेथून तासाभराच्या बोटीने शहीद द्वीप, आणि तेथून परत शहर. यामुळे एकच अंतर दोनदा कापावे लागत नाही. शक्यतो सकाळची बोट घ्यावी. ती रद्द झाली तर त्याच दिवशी दुसरी मिळण्याची आशा असते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागते, असे गृहीत धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उपयोगी पडत नाही.

उतरल्यानंतर

वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची शंखाच्या आकाराची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये खुली झाली. शहर तेथून चारपाच किलोमीटरवर आहे. रिक्षा किंवा टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. हिंदी सर्वत्र चालते. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाल्यापासून शहरातील इंटरनेट बरेच सुधारले आहे, परंतु बेटांवर ते भरवशाचे नाही. म्हणून तिकिटे आणि हॉटेलची पावती कागदावर छापून न्यावी आणि पुरेशी रोख रक्कम शहरातच काढून घ्यावी.

येथे घड्याळ आपलेच असते, सूर्य मात्र आपला नसतो. नागपूरच्या पूर्वेस सुमारे साडेतेरा रेखांशांवर असलेल्या या शहरात डिसेंबरच्या मध्यास साडेपाचच्या सुमारास उजाडते, जेव्हा नागपुरात सूर्योदयाला अजून तासाभराहून अधिक वेळ असतो. आणि संध्याकाळी पाच वाजता सूर्य मावळून साडेपाचपर्यंत काळोख होतो. नऊ वाजता नाश्ता, मग आंघोळी आणि अकराला बाहेर पडणे हा आपला सुट्टीचा शिरस्ता येथे चालत नाही, कारण तोवर अर्धा दिवस सरलेला असतो. पहाटे पाचला उठावे आणि रात्री नऊला झोपावे. पहिल्या दिवशी हे जड जाते, दुसऱ्या दिवसापासून शरीर आपोआप वळते.

पहिला दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारती होत्या, त्यांतील तीन आज उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे होते आणि त्यांचे बंधू बाबारावही येथेच शिक्षा भोगत होते. मराठी माणूस त्या कोठडीसमोर बराच वेळ थांबतो. पण बंगाल आणि पंजाबमधील शेकडो बंदिवानांची नावे तेथील फलकांवर आहेत, तीही मुलांना थांबून वाचू द्यावीत. घाईने छायाचित्रे काढून निघण्याची ही जागा नव्हे, किमान दोन तास हाताशी असावेत. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटे लवकर संपतात, ती आधीच काढावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप गाठता येते. राधानगरचा किनारा बेटाच्या पश्चिमेस असल्याने सूर्यास्तासाठी तोच योग्य. हिवाळ्यात तेथे साडेतीनपर्यंत पोहोचलेले असावे. कालापत्थर पूर्वेस आहे, तेथे पहाटे जावे. किनाऱ्यावर मगरीविषयीचे फलक किंवा पोहण्याची हद्द दाखवणारी जाळी दिसली तर ती सूचना अक्षरशः पाळावी. या बेटांच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी खरोखरच आहेत. नागपूरच्या अंबाझरी तलावात पोहायला शिकलेल्या माणसालाही समुद्राची ओढ नवी असते, हेही ध्यानात ठेवावे.

भरती-ओहोटीची आपल्याला सवय नाही, पण घरातील भिंतीवरचे पंचांग येथे कामी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि ओहोटीलाही पाणी नेहमीपेक्षा खूप मागे हटते. शहीद द्वीपावरील प्रवाळाची नैसर्गिक कमान ओहोटीतच जवळून पाहता येते, म्हणून हॉटेलमध्ये त्या दिवशीची वेळ विचारून मगच निघावे. रात्री पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव पाहायचे असतील तर अमावास्येच्या जवळचे दिवस निवडावेत. चांदण्यात ती चमक दिसत नाही.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर ते सहलीच्या पूर्वार्धात उरकावे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि तो बाहेर पडण्याआधी विमानात बसल्यास गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून मध्ये निदान २४ तास जाऊ द्यावेत. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर तो अर्जात लपवू नये.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचा मोह बहुतेकांना होतो. तेथील रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव वनातून जातो, वाहने जिरकाटांगहून ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडली जातात आणि त्यासाठी पहाटे तीन-चारला निघावे लागते. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे किंवा कुणाला खाऊ देणे हा गुन्हा आहे. ज्येष्ठ माणसे किंवा लहान मुले सोबत असतील तर हा दिवस मी वगळेन आणि तो वेळ शहीद द्वीपाला देईन. जारवा माणसे दिसतील या आशेने तर कुणीही त्या वाटेने जाऊ नये.

सामान

नागपूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या आपल्याला तेथील दमट हवा जड वाटते. तापमान ३० अंशांच्या आसपास असले तरी घाम वाळत नाही आणि धुतलेले जाड सुती कपडेही दिवसभर ओले राहतात. पातळ, लवकर वाळणारे कपडे, प्रवाळाच्या कडांनी पाय कापू नयेत म्हणून पाण्यात चालणारे रबरी जोडे, टोपी आणि नेहमीची औषधे दहा दिवसांची न्यावीत. चिवडा न्यायचा असल्यास घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावा, पिशवीतला एका दिवसात मऊ पडतो. हिवाळ्यात संत्री मात्र जरूर न्यावीत. बोटीवर मळमळत असताना त्यांच्यासारखे दुसरे काही बरे वाटत नाही.

परतीच्या सामानात शिंपले, शंख किंवा प्रवाळाचा तुकडा असू नये. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही चालत नाही, आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो सापडतोच. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर तिची पावती जवळ ठेवावी, आणि हॉटेल सोडण्यापूर्वी मुलांचे खिसे व पाण्याच्या खेळण्यांची पिशवी एकदा रिकामी करून पाहावी.