सणासुदीचा माल अंगावर पडू नये म्हणून किराणा दुकानदारांनी या चुका टाळाव्यात

सण उलटल्यावर माल शिल्लक राहिला की मंदीला किंवा ऑनलाइन विक्रीला दोष दिला जातो; प्रत्यक्षात बरेचसे नुकसान माल मागवतानाच ठरून गेलेले असते.

गेल्या वर्षीच्या बिलावरची तारीख पाहून यंदाची मागणी नोंदवणे ही सर्वांत नेहमीची चूक. आपले बहुतेक सण इंग्रजी तारखेने दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास पडला की एकदम अठरा-वीस दिवस पुढे जातात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. जुन्या तारखेवर विसंबून भरलेले खोबरे आणि गूळ अशा वर्षी अडीच आठवडे पावसाळी हवेत पडून राहतात. संक्रांतीच्या तिळाला हा धोका नाही, कारण तो सण सूर्याच्या गणिताने ठरतो. म्हणून मागणी पंचांग समोर ठेवूनच नोंदवावी.

उपवासाच्या मालात, विशेषतः भगरीत, चूक केवळ पैशांपुरती राहत नाही. आषाढी एकादशीसाठी आणलेली गोणी श्रावणात अर्धी संपते आणि उरलेली नवरात्रापर्यंत जमिनीवर, भिंतीला टेकून उभी असते. दमट हवेत भगरीवर अस्परजिलस वर्गातील बुरशी वाढू शकते आणि तिच्या विषामुळे विषबाधा होते. सुटी भगर घेऊ नये व पीठ साठवू नये, असे अन्न व औषध प्रशासन सांगते ते यासाठीच. गोणीच्या तळाशी हात घालून पाहावा: गुठळ्या लागल्या किंवा कुबट वास आला, तर ती भगर चाळून, उन्हे दाखवून विकण्याचा मोह धरू नये. एका उपवासाच्या हंगामापुरती बंद पाकिटे घेणे आणि ती लाकडी फळीवर ठेवणे यातच शहाणपण आहे.

‘दहावर एक मोफत’ या योजनेचा हिशेबही क्वचितच कोणी मांडतो. समजा, खोका १,००० रुपयांना पडतो, ११०० रुपयांना जातो आणि आपली खरी विक्री आठ खोक्यांची आहे. आठच घेतले तर ८०० रुपये सुटतात. दहा घेऊन अकरा पदरात पाडले आणि तीन मुदतबाह्य झाले, तर उलट १,२०० रुपयांचा तोटा होतो. शिवाय नष्ट केलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. उरलेला माल कधीपर्यंत परत घेणार, हे वितरकाकडून आधीच लेखी घ्यावे.

सवलत उशिरा देणे ही आणखी एक चूक. गुढी सकाळीच उभारली जात असल्याने साखरगाठींचा भाव पाडव्याच्या आदल्या संध्याकाळीच उतरवावा लागतो. दिवाळीच्या भेटखोक्यांतील काजू-बदाम मात्र, पाकिटावरील मुदत पाहून, लगेच सुटे काढून नेहमीच्या गिऱ्हाइकांना विकता येतात. पणत्या पुढच्या वर्षीही चालतात. उटण्याचा वास तोवर उडून जातो, त्यामुळे ते मोजकेच घ्यावे.