उपासनागीताचे शब्द बायबलच्या वचनाशी कसे ताडून पाहावेत

चाल कानात घुमत असताना शब्द नीट तपासता येत नाहीत. म्हणून गीत आधी कागदावर उतरवा, आणि ध्रुवपद जितक्या वेळा गायलं जातं तितक्या वेळा लिहा. एखादी ओळ सोळा वेळा येत असेल, तर चर्चमधल्या मंडळीच्या तोंडी दिवसभर तीच राहणार. तपासणीत तिचं वजन सर्वांत जास्त. मग सगळं गीत चालीशिवाय, गद्य वाचावं तसं मोठ्याने वाचा.

आता सर्वनामं अधोरेखित करा. ‘तू’ म्हणजे कोण? आपल्याकडे ‘प्रभू’ हा शब्द देवपित्यालाही चालतो आणि येशूलाही, त्यामुळे गोंधळ सहज दडून राहतो. पहिल्या कडव्यात पित्याला हाक मारायची आणि दुसऱ्यात ‘तू माझ्यासाठी वधस्तंभावर मेलास’ म्हणायचं, ही चूक वारंवार आढळते. पित्याने पुत्राला पाठवलं. मेला तो पुत्र (रोमकरांस 5:8-10).

त्यानंतर प्रत्येक ओळीसमोर संदर्भ लिहा आणि खूण करा: थेट वचन, वचनावरून काढलेला अर्थ, की नुसती भावना. शब्दसूचीत (बायबलातला कोणता शब्द कुठे येतो, त्या यादीत) शब्द सापडला म्हणजे काम झालं असं नाही. खरी चूक बहुधा इथेच होते: वचन खरं असतं, पण ते कोणी, कोणाला, कधी म्हटलं हे गीतात गळून पडतं. म्हणून अख्खा अध्याय वाचा.

यिर्मया 29:11 घ्या. हिताचे संकल्प, भविष्य आणि आशा. गीतकारांचं हे लाडकं वचन. पण तो मजकूर बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातला आहे. 10व्या वचनात 70 वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत येणारच नव्हते. 5 ते 7 या वचनांत घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगराचं हित पाहा, असं सांगितलंय. मराठी बायबलात ‘तुमच्याविषयी’ आहे, मूळ हिब्रूतही अनेकवचनच. गीतात त्याचं ‘माझ्यासाठी’ झालं आणि 70 वर्षं गाळली, तर वचन लवकरच मिळणाऱ्या यशाची हमी होऊन बसतं. देव विश्वासू आहे एवढंच गीत म्हणत असेल, तर मात्र आधार पक्का आहे.

स्तोत्र 22:3 चंही असंच. देव इस्राएलाच्या स्तवनांत विराजमान आहे, यावरून ‘आम्ही गायलो की तू उतरतोस’ अशी ओळ तयार होते. त्या स्तोत्राची सुरुवात वाचा: गाणारा हाका मारतोय आणि उत्तर मिळत नाहीये. स्तुती करून देवाला बोलावण्याची युक्ती तिथे सांगितलेलीच नाही. प्रकटीकरण 3:20 मधलं दार ठोठावणंही लावदिकिया नगरातल्या मंडळीला, म्हणजे आधीच विश्वासात आलेल्यांना उद्देशून आहे, हे इतरांना विश्वासाकडे बोलावणाऱ्या सुवार्तेच्या गीतात विसरलं जातं.

तपासणारा अतिउत्साही असला की उलटी चूक होते, रूपकालाच दोष दिला जातो. खडक, ढाल, पंख हे सगळं स्तोत्रांतलंच. होशेय 5:12 मध्ये तर देव स्वतःला कपडे खाणाऱ्या कसरीची उपमा देतो! ‘हे शब्दशः वचनात कुठे आहे?’ असं विचारू नका. ‘या चित्रामुळे देवाविषयी खोटं काही ठसतं का?’ असं विचारा.

शिवाय एकाच गीतात सगळी शिकवण मावत नाही. गेल्या 3 महिन्यांतली गीतं एका यादीत मांडा आणि पाप, वधस्तंभ, पुनरुत्थान, येशूचं पुन्हा येणं, विलाप यांपुढे खुणा करा. विलापाचा रकाना बहुधा कोरा राहतो. 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं.

शंकास्पद ओळ सापडली तर शब्द परस्पर बदलू नका. गीत स्वामित्वहक्काखाली असेल तर परवानगी लागते. ते कडवं वगळा, किंवा गाण्याआधी मूळ उतारा वाचून दोन वाक्यांत संदर्भ सांगा. ध्रुवपदच चुकीचं असेल, तर दुसरं गीत निवडा.