लाँगयिअरब्येनमधले सहा महिने: थंडीची तयारी झाली, उजेडाचं काय?

स्वालबार्डला शिकायला जायचं ठरलं तेव्हा कराडच्या घरी एकच प्रश्न होता, थंडी झेपेल का? मीही तयारी थंडीचीच केली. लोकरीचे आतले कपडे, मोज्यांचे जोड, दोन कानटोप्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोन वाजता विमानातून उतरले, तर बाहेर काळोख. संध्याकाळचा नव्हे, चक्क अपरात्रीचा. थंडीचं मला काही वाटलं नाही, कपडे चांगले होते. पण दुपारी दोनच्या त्या काळोखाने पोटात गोळा आला. त्यासाठी बॅगेत काहीच नव्हतं.

तिथे जायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

लाँगयिअरब्येन हे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं मुख्य गाव, ७८ अंश उत्तरेला. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. ऑस्लोहून विमानाने साधारण तीन तास. इथलं विद्यापीठ केंद्र, सगळे त्याला ‘युनिस’ म्हणतात, १९९३ मध्ये सुरू झालं. ते स्वतः पदवी देत नाही. आधी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश हवा, मग तिथून एखाद्या सत्रासाठी इथे येता येतं. मी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते, तिथूनच गेले. भारतात राहून आर्क्टिकवर काम करायचं असेल, तर गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून स्वालबार्डमध्येच, न्यू-ओलेसुंडला आहे.

व्हिसाबद्दल नीट वाचा, कारण इथे पुष्कळ जण फसतात. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे खुद्द स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. पण विमान जातं ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरून, म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, हवाच. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर धरतात. तिथून परत मुख्य भूमीवर आलात की तो दुसरा प्रवेश होतो. माझा भाऊ मला भेटायला येणार होता, त्याला एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला होता. तिकीट काढायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. अर्जातच दोन प्रवेश मागा. आणखी एक, इथे स्वतःचा खर्च स्वतः भागवता आलाच पाहिजे. दवाखाना छोटा आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. त्यामुळे विम्यात काटकसर करू नका.

आता काळोखाबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर तर भर दुपारीही नीट संधिप्रकाश नसतो. पहिले दहा दिवस माझी झोप पार विस्कटली. पहाटे तीनला टक्क जाग, जेवल्यावर डोळे मिटायचे, आणि कशातच मन लागायचं नाही. मला वाटलं आजारी पडले. वरच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, शरीराला दिवस कुठे सुरू होतो तेच कळत नाहीये, ते तुलाच सांगावं लागेल.

मग मी दिवेलागण सुरू केली. सकाळी सातला खोलीतला पांढरा प्रखर दिवा लावायचा. संध्याकाळी सातला तो बंद करून टेबलावरचा छोटा पिवळा दिवा, आणि अकराला तोही बंद. आजी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते, तेव्हाच घरात संध्याकाळ होते. इथे तीच संध्याकाळ मला घड्याळ बघून करावी लागली. न्याहारी कधीही एकटीने केली नाही, स्वयंपाकघर सामायिक असतं त्याचा हा मोठा फायदा. दुपारी बारा वाजता, कितीही कंटाळा आला तरी, अर्धा तास बाहेर. संक्रांतीच्या दिवशी असंच निघाले होते, खिशात आईने पाठवलेला तिळगूळ. दक्षिणेला डोंगरांच्या मागे आभाळाला शाईसारखा निळा रंग चढला होता. पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यावर आठवडा गेला. नॉर्वेतले लोक हिवाळ्यात कॉडच्या यकृताचं तेल घेतात. मी शाकाहारी, म्हणून डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या. निघायच्या आधीच हे विचारून घ्या.

या काळोखात एक गोष्ट मात्र अशी पाहिली की जन्मभर पुरेल. पौषातल्या पौर्णिमेच्या आसपास चंद्र मावळतच नाही. आभाळ निरभ्र होतं, तो दिवसरात्र गावाभोवती फिरत राहिला आणि बर्फावर आमच्या सावल्या पडत होत्या.

वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलांपासून बचावाचं साधन जवळ हवं, म्हणून क्षेत्रकामाच्या आधी सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. ते मनापासून करा. बंदूक हातात घेण्याची माझी पहिलीच वेळ. शिकवणारे पुन्हा पुन्हा सांगत, आधी दुरूनच टेहळणी, मग माघार, मग आवाजाचे बार. गोळी अगदी शेवटी. अस्वल मारावं लागलं तर चूक आपलीच, असं ते मानतात आणि मलाही ते पटतं.

थंडीने एकदा मला गाठलंच. स्नोमोबाईलवर, तिला तिथे स्कूटरच म्हणतात, समोरून वारा लागतो. तोंडावरचा पट्टा किंचित सरकला होता. थांबल्यावर माझ्या जोडीदारणीने टॉर्च चेहऱ्यावर मारला आणि म्हणाली, गालावर पांढरा ठिपका आहे. मला काहीही जाणवत नव्हतं. तिने हातमोजा काढला आणि तळवा माझ्या गालावर दाबून धरला. चोळला नाही, नुसता धरला. दोनेक मिनिटांनी सुयांनी टोचल्यासारख्या कळा आल्या, तेव्हा ती हसली, आता ठीक आहे म्हणाली. हिमदंशाची ही सुरुवात आपली आपल्याला कळत नाही, म्हणून दर थांब्याला एकमेकांचे चेहरे बघायचे. मोठ्या हातमोज्यांच्या आत पातळ लोकरीचे हातमोजे घाला, म्हणजे चेन लावताना उघडे बोट धातूला लागत नाही.

थंडी सारखी उणे वीस असते असंही नाही. उबदार सागरी प्रवाह पश्चिम किनाऱ्याला येतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यात कधी पाऊस पडतो. तो बर्फावर गोठला की रस्त्याची काच होते, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी घ्या. रेनडिअरना मात्र त्या थराखालचं गवत मिळत नाही, त्यांचे हाल बघवत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये इथे घरांवर हिमकडा कोसळून दोघांचा जीव गेला. म्हणून बंद रस्त्यांच्या सूचना आल्या की त्या पाळायच्या, वाद घालायचा नाही.

रोजच्या जगण्यात फारशी अडचण नाही. दारातच बूट काढतात, विद्यापीठातसुद्धा. कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची ही रीत, आपल्याला घरच्यासारखी वाटते. तांदूळ, डाळी, कधी कोथिंबीरही मिळते, कारण गावात थाई लोक बरेच आहेत. मसाले आणि हिंग घरून न्या. फोडणी करताना वरचा पंखा लावा आणि दार बंद ठेवा, धुराची घंटा सगळ्या इमारतीत वाजते.

सूर्य क्षितिजावर आला तरी डोंगरांमुळे गावात ऊन पडतं ते ८ मार्चच्या सुमारास. जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी अख्खं गाव जमतं, लहान मुलं सूर्याला हाका मारतात. पायरीवर ऊन आलं तेव्हा माझ्या शेजारचा दाढीवाला माणूस रडत होता. मीही.

आणि मग २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो. याबद्दल मला कुणीही सावध केलं नव्हतं. रात्री दीडला खिडकीत लख्ख ऊन, अंगात उत्साह, क्षेत्रकामाच्या नोंदी लिहीत बसायचं आणि तीन दिवसांनी कोसळायचं. डोळ्यांवरची पट्टी आणि जाड काळा पडदा बॅगेत हवाच. मी रोज दहाला पडदा ओढून पिवळा दिवा लावायचे. माझी नॉर्वेची खोलीशेजारीण तेवढे दोन मराठी शब्द शिकली होती. दिवा लागला की दारातून ओरडायची, “रात्र झाली!”