मेक्सिकोचा बाजार खात खात फिरायचाय? मग स्वतःपुरता गाईड घ्या, आणि त्याला आधी एक मेसेज नीट लिहा

मागच्या वर्षी मी, आई आणि धाकटा भाऊ असे तिघं चार दिवस मेक्सिको सिटीला जाऊन आलो. भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडं गेलो होतो, तिथून विमानानं काही तासांचाच रस्ता आहे आणि पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही (नियम बदलत राहतात, निघायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साईटवर बघूनच घ्या). परत अंबाजोगाईला आल्यापासून जो भेटंल तो विचारायलाय की माळकरी बाईला घेऊन तिथं खाल्लं काय तुम्ही. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी आमची चूक सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या दिवशी आम्ही ग्रुपची फूड टूर घेतली होती, दहा-बारा जण, बुकिंग करताना 'व्हेजिटेरियन' वर टिक केलं आणि निवांत झालो. कंपनीचं नाव घेत नाही. पण झालं असं की ठरलेले सात स्टॉप, त्यातल्या पाच ठिकाणी आई नुसती हातात पाण्याची बाटली घेऊन उभी, गाईडला वाईट वाटत होतं पण बाकीच्या लोकांना सोडून तो एकटीसाठी काय करणार. एका ठिकाणी 'हे व्हेज आहे' म्हणून तामाल दिला, मक्याच्या पानात उकडलेला, आत मिरची आणि चीज. मांस नव्हतंच त्यात. पण भावानं खोदून विचारलं तेव्हा कळलं की पिठातच डुकराची चरबी फेटलेली असते. आईनं तोंडाला लावला नव्हता म्हणून निभावलं, नाहीतर तिला ते आयुष्यभर लागून राहिलं असतं.

तर मुद्दा हा आहे. मेक्सिकोत 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. तिथं 'कार्ने' म्हणलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात गाय-डुकराचं मांस येतं, चिकन किंवा हॅम त्यात धरतीलच असं नाही. शिजवलेल्या घेवड्यात चरबी असू शकते, तिला 'मांतेका' म्हणतात, आणि भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, ते 'काल्दो दे पोयो'. मोले नावाची जी त्यांची प्रसिद्ध मसाल्याची ग्रेव्ही असते, वाळक्या मिरच्या, तीळ, दाणे, थोडं चॉकलेट असं काय काय वाटून केलेली, ती पण बहुतेक ठिकाणी कोंबडीच्याच पाण्यात सैल करतात. भाजलेल्या कणसावर मेयोनीज लावतात, त्यात अंडं आलं. आणि अगदीच कडक पाळत असाल तर चीजचं विरजण प्राण्याचं आहे का तेही विचारा, आईनं चीज खाल्लंच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशीसाठी प्रायव्हेट गाईड शोधला आणि बुकिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकला. तुम्ही पण असाच टाका, ट्रान्सलेट ॲपमधून स्पॅनिश करून. त्यात नुसतं व्हेज-नॉनव्हेज लिहू नका, एकेक वस्तू लिहा: मांस, चिकन, मासे, अंडं, चरबी, मांसाचं पाणी, किडे, दारू यातलं काहीच चालणार नाही, कारण धार्मिक आहे, ॲलर्जी नाही. किडे हे गंमत म्हणून लिहीत नाहीये, तिथं नाकतोडे भाजून लिंबू-मिठात खातात, 'चापुलिनेस' म्हणतात, चांगला मान आहे त्याला. दारूचं असं की 'पुल्के' आणि 'तेपाचे' ही दोन आंबवलेली पेयं सरबतासारखीच समोर येतात, पुल्के घायपातीच्या जातीच्या झाडाच्या रसाचं, तेपाचे अननसाचं. आणि शेवटी हे लिहा की सोबत कोण आहे, वय काय, किती चालवतं, तुम्ही शेतकरी आहात का, घरी काय शिजवता. हा शेवटचा भाग लोक लिहीत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा तोच आहे, कारण आमच्या गाईड पोरीनं तो वाचून अख्खा रस्ताच बदलला.

उत्तर कसं येतं त्यावरनं माणूस ओळखा. 'नो प्रॉब्लेम' एवढंच आलं तर सोडून द्या. आमच्या गाईडनं उलट चार प्रश्न विचारले, मध कांदा लसूण चालतं का, तव्यावर आधी मांस भाजलेलं असलं तर चालंल का. तव्याचं तर आमच्या पण लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पण विचारून घ्या: खाण्याचे पैसे धरून आहे का वेगळे, किती तास (तीन-चार तास पुरे, त्यापेक्षा जास्त पोटाला झेपत नाही), मध्ये बसायला जागा कुठं मिळंल, पोट बिघडलं तर तारीख बदलता येईल का. तिथं गाईडकडं पर्यटन खात्याचं ओळखपत्र असतं, ते दाखवा म्हणायला लाजायचं नाही. पैसे ग्रुपपेक्षा जास्त जातात, खरंय, पण तिघा-चौघांत वाटले तर फरक तेवढा राहत नाही.

बाजार कोणता निवडायचा, तर शहरात लै आहेत. ला मेर्सेद हा सगळ्यात मोठ्यांपैकी आणि खरा गजबजलेला, आजची मोठी इमारत १९५७ ची, मेट्रोचं स्टेशन थेट बाजाराच्या आतच उघडतं. पण गर्दी तुफान, खिसेकापू आहेत, गाईडशिवाय जाऊ नका, पाठीवरची सॅक पोटावर घ्या. कोयोआकानचा बाजार लहान आहे, बसायला स्टूल मिळतात, म्हातारी माणसं लेकरं सोबत असतील तर तो बरा. हामाइकाचा बाजार फुलांचा, झेंडू बघून आई तिथंच थांबली, झेंडू मूळचा तिकडचाच, ऑक्टोबर शेवटी पितरांच्या सणाला ढिगानं विकतात. सान हुआनचा बाजार खवय्यांत नावाजलेला, पण तिथं मगरीपासून सगळं मांस टांगलेलं असतं, माळकऱ्यानं जाऊ नये. आणि जमलं तर 'तियांगिस' नक्की बघा. तियांगिस म्हणजे सरळ आपला आठवडी बाजार, ठरल्या वारी रस्त्यावर ताडपत्र्या बांधून भरतो, संध्याकाळी उठतो. शब्द नाहुआत्ल या तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेतला, स्पॅनिश लोक यायच्या आधीचा, तेव्हा बऱ्याच गावांत दर पाच दिवसांनी बाजार भरायचा. दक्षिणेकडच्या वाहाका राज्याकडं जाणार असाल तर त्लाकोलूलाचा रविवारचा बाजार आहे, आम्हाला तेवढे दिवस नव्हते.

एक अजून. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं धरतं. टूर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, सकाळी नऊ-दहाला, नाष्टा न करता. नळाचं पाणी प्यायचं नाही, बंद बाटलीच. सुटे पेसो जवळ ठेवा, कार्ड ठेल्यावर चालत नाही आणि संडासाला पण नाणी लागतात.

आता बाजारात काय करायचं. पहिला अर्धा तास काही खाऊ नका, नुसतं फिरा आणि गाईडला प्रत्येक भाजी विचारा, कारण मराठवाड्याच्या माणसाला तिथं जेवढं ओळखीचं दिसतं तेवढं कुणाला दिसणार नाही. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, सीताफळ, हे सगळं अमेरिका खंडातूनच आपल्याकडं आलेलं. चिकू तिथं 'चिकोसापोते' म्हणून मिळतो, आपला शब्द पण तिथलाच. 'वेर्दोलागास' म्हणून जी जुडी दिसली ती चक्क घोळीची भाजी, आईनं पान तोडून चावून बघितलं. रानभाज्यांना मिळून 'केलितेस' म्हणतात, त्यातल्या काही राजगिऱ्याच्या आणि चाकवताच्याच भाऊबंद. राजगिऱ्याची वडी तर डिट्टो, 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद, उपासाला खातो तीच, गुळात नाहीतर मधात बांधलेली. फड्या निवडुंग, आपण बांधाला लावतो तो, त्याचे काटे बाया चाकूनं सपासप काढत बसलेल्या असतात आणि भाजी करतात. 'हामाइका' नावाचं लाल सरबत आपल्या लाल अंबाडीच्या बोंडाचं, आंबट-गोड, उन्हात एकदम बेस्ट, पाणी शुद्ध आहे का तेवढं गाईडकडनं विचारून घ्या.

आणि काणी! मक्याच्या कणसावर येणारी काळी काणी, आपल्याकडं आली की शेतकरी कणीस उपटून जाळतो, तिथं तिला 'वितलाकोचे' म्हणतात आणि साध्या मक्यापेक्षा महाग विकतात, कांदा-मिरचीवर परतून खातात. आईला सांगितलं तर विश्वास बसेना. बुरशीच आहे, मशरूमसारखी, मी खाल्ली, मातकट आणि जरा गोडसर लागते, मला आवडली.

खायला सुरुवात त्लाकोयोपासून करा. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट जाडसर गोळा, आत वाटलेला घेवडा नाहीतर बाकला भरलेला, तेलाशिवाय तव्यावर भाजलेला, वर निवडुंगाची भाजी आणि साल्सा, म्हणजे त्यांची पातळ चटणी. आतलं सारण चरबीशिवाय आहे का हे गाईडनं आधीच फोन करून विचारलं होतं. त्या तव्याला 'कोमाल' म्हणतात. इथं आम्ही पाऊण तास थांबलो आणि म्हणूनच सांगते की गाईड स्वतःपुरता पाहिजे, ग्रुपमध्ये दहा मिनिटांच्या वर कुणी थांबू देत नाही. आई भाकरी थापणारी बाई, ती त्या बाईच्या हाताकडं बघतच राहिली. गाईडनं विचारलं, आणि त्या बाईनं हसत हसत पिठाचा गोळा आईच्या हातात दिला. आईनं थापला, पण भाकरीसारखा गोल, ती बाई म्हणाली लांब कर लांब, आईला स्पॅनिश येत नाही आणि तिला मराठी, तरी दोघींचं नीट चाललं होतं.

ते पीठ कसं होतं तेही विचारून घेतलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा म्हणजे टरफल सुटतं, मग ओलाच गिरणीत दळायचा. याला 'निश्तामाल'. चुन्यानं पीठ चिकट होतं, थापता येतं, आणि मक्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. मका जगभर गेला पण ही चुन्याची रीत सोबत गेली नाही, त्यामुळं युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा, म्हणजे नियासिन कमी पडून होणारा रोग झाला. पूर्वी हे पाट्यावर वाटायचे, 'मेताते' तिथं अजून विकायला असतो, फक्त त्याला तीन पाय असतात.

साल्सा घेताना जपून. 'नो पिका' म्हणजे तिखट नाही, पण ते त्यांच्या मापानं. ठेचा खाणारे आपण, जाळ सोसतो, तरी हाबानेरो नावाची जहाल मिरची दिसली तर टोकानं चाखून बघा. दगडी खलात भाजलेली मिरची, हिरवे टोमातीयो (टोमॅटोसारखं आंबट फळ), लसूण, मीठ ठेचून देतात, चव थेट घरची. आणि 'साल्सा माचा' विसरू नका, वाळकी मिरची, शेंगदाणे, तीळ, लसूण तेलात, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल घालून खातो ना तिची बहीणच म्हणा.

फोटो काढायच्या आधी विचारा, 'पुएदो तोमार उना फोतो?'. शेजारी कुणी खात असंल तर जाता-येता 'प्रोवेचो' म्हणा, सावकाश जेवा म्हणल्यासारखं आहे, लोकांना फार बरं वाटतं. विकत घेताना किलोवर वरून जे थोडं टाकतात त्याला 'पिलोन' म्हणतात, आपण 'अजून टाका की वर' म्हणतो तेच, म्हाताऱ्या बायांशी मात्र घासाघीस करू नका, मला ते पटत नाही. शेवटी गाईडला दहा-पंधरा टक्के टिप द्या, हातात, रोख.

आईला निळ्या मक्याचं मूठभर बी आणायचं होतं, शेतात लावून बघायला. आणता येत नाही. परवान्याशिवाय बी-बियाणं आणणं आपल्या कायद्यात बसत नाही आणि आम्ही परत अमेरिकेतून येणार होतो, तिथं पण खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून द्यावी लागते. त्याऐवजी निश्तामालचं कोरडं निळं पीठ कंपनीच्या बंद पाकिटात मिळतं ते दोन किलो घेतलं, अमेरिकेत शिरताना फॉर्मवर लिहून दाखवलं, काही अडचण आली नाही. तुम्ही आणलं तर कोमट पाण्यात मळून पंधरा-वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा, मगच थापा. आईनं पहिल्या खेपेला भाकरीसारखं लगेच थापायला घेतलं तर कडा चिरल्या. दुसऱ्या खेपेला झाकून ठेवलं, आत वाटलेली तूर भरली, वरून अंबाडीची भाजी घातली, आणि या वेळी लांबच थापले.