नाशिकच्या थंडीत सायकल, शिंका आणि ॲलर्जी : काय करायचं, कसं करायचं

डिसेंबर लागला की निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर 5-6 अंश म्हणजे काही नवल नाही, आणि शहरातही पहाटे 9-10 च्या आसपास असतंच. अशात सायकल काढली की सोमेश्वर येईपर्यंत नाक सुरू, मग शिंकांवर शिंका, आणि घरी पोचलं की आई नाहीतर बायको म्हणणार, कशाला जाता एवढ्या थंडीचं, बंद ठेवा आता ते होळीपर्यंत. माझं स्पष्ट मत आहे की बंद ठेवायची काही गरज नाही. फक्त आपली शिंक नेमकी कशाची आहे हे आधी ओळखायला पाहिजे, कारण थंड हवेची शिंक वेगळी, धुळीची-परागकणांची वेगळी आणि खरी सर्दी वेगळी, तिन्हीचे उपाय वेगळे. आपल्याकडे तिन्हीला एकच सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, घेतात आणि मग म्हणतात काही फरकच पडत नाही.

आधी शिंक ओळखा

थंड हवेचा त्रास असा असतो : सायकलवर बसल्यावर थोड्या वेळात नाकातून पाण्यासारखं गळायला लागतं, अधूनमधून शिंक येते, पण खाज फारशी नसते आणि घरात आल्यावर थोड्या वेळात आपोआप थांबतं. ही ॲलर्जी नाहीच. आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करून फुफ्फुसाकडे पाठवायची हे नाकाचं कामच आहे, बाहेर 10 अंश आणि तुम्ही ताशी 20 च्या वेगाने चाललाय म्हणजे अंगाला ती हवा 7 अंशांसारखी लागते, वर ती कोरडी, मग नाक जास्तीचं पाणी सोडतं आणि ते बाहेर येतं. यावर ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग फारसा होत नाही.

ॲलर्जीत खाज असते. नाकात, डोळ्यांत, टाळूला सुद्धा, जिभेने टाळू खाजवावासा वाटतो ना ते. शिंका एकदा सुरू झाल्या की लागोपाठ, डोळे लाल, आणि घरी येऊन आंघोळ करून ऑफिसला गेलात तरी चालूच. आणि सर्दीत घसा आधी धरतो, अंग मोडून येतं, कधी ताप, शेंबूड घट्ट होतो, आठवडाभराने जाते. अंगात ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर सायकल काढू नका, नुसतं नाक वाहत असेल तर हळू राइडला हरकत नाही.

दोन आठवडे फोनमध्ये नोंद ठेवा, किती वाजता निघालो, कुठल्या रस्त्याला, शिंका कुठे सुरू झाल्या, किती वेळ टिकल्या, खाज होती का. एवढ्यावर बरंच कळतं. आणि एक गोष्ट नक्की बघा, सायकलला हात लावायच्या आधीच, अंथरुणात उठून बसल्या बसल्याच शिंका येतायत का? येत असतील तर दोष बाहेरच्या हवेचा नाही, रजईचा आहे. वर्षभर ट्रंकेत पडलेली गोधडी, रजई, तो जुना स्वेटर यात धुळीतले बारीक कीटक असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यांची ॲलर्जी फार जणांना असते. डांबरगोळ्यांचा वास पण नाकाला झोंबतो. धुता येईल ते 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, खोळी आणि चादरी दर आठवड्याला, आणि जे धुता येत नाही ते कडक उन्हात घालून गच्चीवर झटका, फक्त झटकायचं काम ॲलर्जी नसलेल्या माणसाने करायचं.

काहींना अंधारातून एकदम उन्हात आलं की शिंक येते, हा वेगळाच प्रकार आहे, त्याला गॉगल पुरतो.

वेळ आणि रस्ता

पहाटेची हवा शुद्ध असते असं आपण लहानपणापासून ऐकतो पण हिवाळ्यात शहरात ते खरं नसतं. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण, मग शेकोट्यांचा धूर, जाळलेल्या कचऱ्याचा धूर, गाड्यांची धूळ सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर अडकून राहतं. ऊन चढलं की ते हलायला लागतं. म्हणून साडेपाचला निघण्यापेक्षा जमत असेल तर साडेसात-आठला निघा, नोकरीमुळे जमत नसेल तर निदान रविवारी तरी.

त्र्यंबक रोडला सातपूर ओलांडेपर्यंत कंपन्यांचे ट्रक आणि धूळ असते, सिंहस्थाच्या तयारीत ठिकठिकाणी रस्ते खोदलेत ते वेगळंच, पुढे महिरावणीनंतर बरं वाटतं. शहरातून बाहेर पडेपर्यंत मास्क किंवा बफ (गळ्यात घालायची, नाकावर ओढता येणारी कापडी नळी) नाकावर, पुढे खाली केला तरी चालतो. गंगापूर रोडला धूळ कमी पण धरणाकडे पाण्याची गार हवा आणि धुकं, म्हणजे ज्याला थंड हवेचा त्रास त्याला तिथे नाक जास्त गळणार आणि ज्याला धुळीचा त्रास त्याला तोच रस्ता बरा. नोंद ठेवायची म्हटलं ती यासाठी.

द्राक्षबागांच्या रस्त्याने जाताना ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारणी चालू दिसली तर थांबा. लांबूनच पांढरा फवारा दिसतो, वारा कुठून आहे बघा, फवारा रस्त्यावर येत असेल तर तो ट्रॅक्टर ओळीच्या आत लांब जाईपर्यंत पाच मिनिटं थांबलात तर काही बिघडत नाही, धापा टाकत त्यातून जाणं मात्र नाक-घशाला वाईट. आणि रस्त्याच्या कडेचं गाजर गवत, पांढऱ्या बारीक फुलांचं, पावसाळ्यानंतर सगळीकडे माजलेलं असतं, त्याच्या परागकणांनी शिंका येतात आणि अंगाला लागलं तर खाजही सुटते. चहाला किंवा फोटोला थांबताना सायकल त्यात टेकवू नका.

निघायच्या आधी

घरातच दहा मिनिटं हातपाय हलवा, थोडे जिने चढा-उतरा, अंग गरम होऊ द्या. मग बाहेर पडल्यावर पहिली पंधरा मिनिटं हळू, इतकं हळू की तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घेता आला पाहिजे. जोरात पॅडल मारलं की माणूस आपोआप तोंडाने श्वास घ्यायला लागतो आणि गार कोरडी हवा सरळ घशात जाते, मग खोकला.

बफ नाकावर घ्या, श्वासाची ऊब आणि ओल त्यात राहते आणि पुढचा श्वास गरम मिळतो, थंड हवेच्या त्रासाला हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तो ओला होतो म्हणून दुसरा खिशात ठेवा आणि रोज धुवा. चष्म्यावर वाफ धरते, तर बफ नाकाच्या हाडाच्या जरा खाली ठेवा. नाकपुड्यांच्या कडेला बाहेरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, पुसून पुसून कातडी सोलत नाही, पण आत खोलवर भरू नका. एक सुती रुमाल मनगटाला बांधा, खिशातून काढायच्या भानगडीतच तोल जातो.

चालत्या सायकलवर शिंक आली तर

यावर कोणी बोलत नाही आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिंकेला डोळे मिटतात, ते आपल्या हातात नसतं. ताशी 25 च्या वेगात सायकल एका सेकंदात जवळजवळ 7 मीटर जाते, लागोपाठ तीन शिंका आल्या तर मध्ये खड्डा असेल, कुत्रं असेल, पुढच्याने ब्रेक मारला असेल, आपल्याला काही दिसलेलं नसतं. त्र्यंबकहून परतताना तर बराच रस्ता उताराचा.

तर नाकात हुळहुळायला लागलं की लगेच पॅडल थांबवा, दोन्ही ब्रेक हलके दाबून वेग कमी करा, दोन्ही हात हँडलवर आणि हँडल सरळ. नाक धरायला हात सोडायचा नाही. ग्रुपमध्ये असाल तर "स्लो" म्हणून ओरडा आणि पुढच्यापासून अंतर वाढवा. शिंकताना मान किंचित खाली, खांद्याकडे, आणि पुढचा ब्रेक कचकन दाबला जाऊ नये म्हणून बोटं सैल. एकीवर भागणार नाही असं वाटलं तर मागे बघून सरळ कडेला थांबा, सगळ्या शिंका होऊ द्या, नाक शिंकरा, पाणी प्या आणि मग निघा. नाक-तोंड दाबून शिंक अडवू नका, तो दाब कानात आणि घशात जातो.

घरी आल्यावर

कपडे बाहेरच काढा, पलंगावर टाकू नका, डोक्यावरून आंघोळ करा. हेल्मेटचे पट्टे आणि हातमोजे आठवड्यातून एकदा धुवा, नाक पुसलेलं त्यालाच असतं.

ॲलर्जीवाल्यांनी मिठाच्या पाण्याने नाक धुवावं, आपली जलनेतीच. अर्धा लिटर पाणी खळखळून एक मिनिट उकळा, कोमट होऊ द्या, त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा आयोडीन नसलेलं मीठ. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही, त्यातले जंतू नाकातून आत जाऊ शकतात. भांडं रोज धुवून कोरडं ठेवा.

औषधांचं

सेट्रिझिनने झोप येते, म्हणून ती घेऊन पहाटे रस्त्यावर उतरू नका, डॉक्टरांना विचारून रात्री घ्या किंवा फेक्सोफेनाडिनसारखी कमी गुंगीची मागा, ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नये. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका, नंतर नाक उलट जास्त चोंदतं आणि त्या थेंबांशिवाय उघडतच नाही. रोजची ॲलर्जी असेल तर डॉक्टर बहुतेक नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे देतात, नाव ऐकून घाबरू नका, पण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका, आणि मारताना नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला मारा. नुसतं थंडीने पाणी गळत असेल तर त्याचा स्प्रे वेगळा, इप्राट्रोपियमचा, तोही डॉक्टरांनी लिहून दिला तरच.

राइड संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ, छाती आवळल्यासारखी, श्वासात शिट्टी, असं होत असेल तर तो दमा असू शकतो, "स्टॅमिना कमी आहे" म्हणून सोडून देऊ नका, छातीच्या डॉक्टरकडे जा. इनहेलर असेल तर तो राइडच्या किती आधी घ्यायचा ते त्यांनाच विचारा आणि खिशात कायम ठेवा. सायकलवरून डोक्यावर पडला असाल आणि नंतर एकाच नाकपुडीतून पाणी गळत असेल तर ती सर्दी समजू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वर्षभर त्रास असणाऱ्यांनी कशाची ॲलर्जी आहे याची त्वचेवरची टेस्ट करून घ्यावी, फक्त त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच कुठली गोळी चालू आहे ते सांगा.