एक्सएसएलटी की वापरून चाइल्ड एलिमेंटच्या नावावरून नोड शोधणे

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करण्याची भाषा, आणि तिच्यातील की (key) म्हणजे दस्तऐवजातील नोड, म्हणजे घटक, शोधण्यासाठीची सूची; कोणते नोड नोंदवायचे ते तिच्या 'मॅच'मध्ये (match) आणि कोणत्या मूल्याने नोंदवायचे ते 'यूज'मध्ये (use) लिहितात. ज्या नोडच्या आत विशिष्ट नावाचे चाइल्ड एलिमेंट (थेट आतला घटक) आहे तो नोड कीच्या आधारे शोधायचा असल्यास, १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्ये एक अडचण येते: 'यूज'मध्ये केवळ तारांकन (*, म्हणजे सर्व चाइल्ड एलिमेंट) लिहिले तर चाइल्ड एलिमेंटची नावे न मिळता त्यांच्यातील मजकूर मिळतो, आणि त्याला नाव देणाऱ्या नेम फंक्शनची जोड दिली, म्हणजे name(*) लिहिले, तर फक्त पहिल्या चाइल्डचे नाव हाती लागते. ही दुसरी चूक अधिक फसवी, कारण नमुना फाइलमध्ये हवे ते चाइल्ड नेमके पहिले असेल तर सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते.

यावर उपाय म्हणजे की उलट्या बाजूने बांधणे. 'मॅच'मध्ये तारांकन ठेवून प्रत्येक एलिमेंटची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने करावी आणि शोधताना की फंक्शननंतर तिरकी रेघ व दोन टिंबे (/..) जोडून पॅरेंट, म्हणजे ते एलिमेंट ज्याच्या आत आहे तो नोड, गाठावा. एकाच पॅरेंटमध्ये तशी अनेक चाइल्ड असली तरी तो निकालात एकदाच येतो. २००७ च्या २.० आवृत्तीत मात्र 'यूज'मध्ये तारांकन, तिरकी रेघ आणि नेम फंक्शन, म्हणजे */name(), असे लिहिले की सर्व नावे थेट मिळतात. नेमस्पेसचे प्रीफिक्स (एलिमेंटच्या नावाआधी कोलन लावून येणारा भाग) बदलते असेल, तर नेमऐवजी लोकल-नेम (local-name, प्रीफिक्सविना नाव देणारे फंक्शन) वापरणे बरे.